मोहल्ल्याचा आरोग्य विमा लोकांच्या मापाने कसा बेतायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या पारडी, नंदनवन, कळमना या पट्ट्यातल्या बचत गटांच्या बैठकीत आरोग्य विम्याचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. काही वर्षं मी त्यांची उत्तरं तोंडीच देत आले. शेवटी एका बाईंनी सुनावलं, "ताई, तुमी हे लिहून काऊन नाही देत? दर खेपेले नवंच सांगता." आरोप अर्धा खरा होता; नियम बदलत गेले तशी माझी उत्तरंही बदलली. म्हणून हे एकदाचं लिहून काढलं. गट, हमालांची संघटना, मोलकरणींचा गट, गल्लीतलं मंडळ, कुणीही वापरावं.

आमची भिशी आहेच. मग सामूहिक विमा वेगळा कसा?

भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो आणि आपला पैसा आपल्याला परत मिळतो. विम्यात पैसा ज्याच्या घरी आजारपण येईल त्याच्याकडे जातो. भिशीत आपला नंबर लवकर लागावा म्हणून चिठ्ठीकडे डोळे लावून बसतो, विम्यात आपला नंबर कधीच लागू नये असं वाटतं. बाकी हिशेबाची वही, दर महिन्याची वसुली, एकमेकींवरचा विश्वास, सगळं तेच. ज्या गटाची भिशी पाच-सात वर्षं भांडणाशिवाय चालली, त्या गटाला विमा झेपतो. जिथे भिशी बुडाली आहे तिथे विम्याचं नाव काढायची मी घाई करत नाही.

वर्षभर कोणी आजारी पडलं नाही तर पैसे बुडाले नं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सरळ उत्तर: हो, ते पैसे परत येत नाहीत. "नाही हो, बुडत नाहीत" असं गोड बोलणारा एजंट आला तर सावध व्हा.

मी बैठकीत उलटा प्रश्न विचारते. दवाखान्यासाठी कोणाचं मंगळसूत्र किंवा कानातलं सोनाराकडे गेलं होतं? हात वर होतात. सोडवायला किती वर्षं लागली, व्याज किती गेलं, हे बायकांना रुपया-रुपयाने पाठ असतं. त्या व्याजाशेजारी हप्ता ठेवून पाहिला की चर्चा पुढे सरकते.

ज्यांना "आपलं काहीतरी राहावं" असं वाटतंच, त्यांच्यासाठी एक वाट आहे. गुजरातेत 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने १९९२ मध्ये विमा सुरू केला. तिथे दरवर्षी हप्ता भरण्याऐवजी एकदाच ठेव ठेवायची सोय केली. ठेवीच्या व्याजातून हप्ता जातो, मुद्दल सभासदाचं राहतं. लोकांच्या मनातली अढी ओळखून काढलेली ही युक्ती मला फार आवडते. मात्र ठेवीएवढी रक्कम एकदम काढणं ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला जमत नाही, हेही खरं.

सरकारची पाच लाखांची योजना आहे. मग स्वतःचा विमा कशाला?

आधी ती योजना नीट वापरा, मग स्वतःच्या विम्याचं बोला. हा क्रम उलटा झाला की गरिबाचा पैसा दोनदा जातो.

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. आता दोन्ही एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच मिळतं, आणि पांढऱ्या रेशनकार्डवालेही त्यात आले आहेत. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ च्या अखेरीपासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं. दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला गाठायचं. मदत क्रमांक १५५३८८.

शिवाय डागा रुग्णालयासारखे सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे असल्याने ती या आदेशात येत नाहीत. हा फरक लोकांना माहीत नसतो आणि खिडकीवर उगाच वाद होतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात कोणी २१,००० रुपयांपर्यंत पगारावर असेल तर त्याचा कर्मचारी राज्य विमा आहे का तेही पाहा. त्यात ओपीडीसुद्धा येते, घरच्यांनाही लाभ मिळतो, आणि सोमवारीपेठेत त्यांचा स्वतंत्र दवाखाना आहे.

एवढं सगळं असूनही खिशाला भोकं राहतातच. सरकारी योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि यादीतल्या दवाखान्यांत चालते. साध्या तापाची ओपीडी, बाहेरून आणायची औषधं, भरतीच्या आधीच्या तपासण्या, नातेवाइकाचं जेवण, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बुडालेली मजुरी: हे ती सहसा देत नाही. मोहल्ल्याचा विमा या भोकांच्या मापाने कापायचा असतो. सरकारने आधीच दिलेलं शर्ट पुन्हा शिवण्यात अर्थ नाही.

विम्यात काय असावं हे कोण ठरवतं? कंपनी तर छापील पॅकेज घेऊन येते.

तुम्ही ठरवता. कंपनीकडे त्यानंतर जायचं. सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पण "तुम्हाला काय पाहिजे?" असं नुसतं विचारून उपयोग होत नाही. उत्तर ठरलेलं असतं: "सगळंच." त्यात चूक काही नाही, किंमत न सांगता विचारलं तर मीही तेच म्हणेन. म्हणून किंमत समोर ठेवून निवड करायला लावायची. यासाठी अमेरिकेत मॅरियन डॅनिस आणि सुसान गूल्ड यांनी 'चॅट' नावाचा खेळ तयार केला. पाटावर गोल, त्याचे भाग म्हणजे निरनिराळे लाभ, प्रत्येक भागावर किंमत, आणि हातात मोजकेच ठोकळे. डेव्हिड ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या गरीब वस्त्यांमध्ये खेळवून पाहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही विचारपूर्वक निवड करता येते, हे त्यातून दिसलं.

आम्ही तो आमच्या पद्धतीने खेळतो. जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ आणि त्याचे सात-आठ तुकडे. तुकड्यात चित्र: पलंग म्हणजे भरती, गोळ्यांची पट्टी म्हणजे औषधं, ऑटो म्हणजे ये-जा, टोपलं-घमेलं म्हणजे मजुरी. प्रत्येकीला २० चिंचोके. भरतीला १२ लागतात, औषध-ओपीडीला ९, मजुरीला एकच. (हे आकडे हवेतून येत नाहीत, हिशेब पुढे दिला आहे.) आधी प्रत्येकीने एकटीने मांडायचं, मग तिघी-तिघींनी मिळून, मग पूर्ण गटाने, शेवटी पुन्हा एकटीने.

मध्ये चिठ्ठ्या काढतो. "नवऱ्याला डेंग्यू, पाच दिवस भरती." "मुलीचा हात मोडला." "सासूला लकवा." जिने भरतीचा तुकडा सोडला होता तिच्या चिठ्ठीत लकवा निघाला की ओट्यावर शांतता पसरते. मग हळूच चिंचोके सरकतात. एक दुपार पुरते. भाषण करून हे कधी साधलं नव्हतं.

एक सूचना: गटाची अध्यक्ष आधी बोलली की बाकीच्या तिच्यासारखंच मांडतात. तिला चहा करायला पाठवा, किंवा तिचा नंबर शेवटी ठेवा.

लोक साधारण काय मागतात?

मी पहिल्या वर्षी मोठ्या ऑपरेशनचं पाल्हाळ लावत असे. एका आजीने थांबवलं: "मले ऑपरेशनचं नको सांगू, मले तापाचं सांग." पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत घरात कोणी ना कोणी तापलेलं असतं, ऑपरेशन पाच-दहा वर्षांतून एकदा. माणूस रोज जे पाहतो तेच मागतो.

दुसरी मागणी मजुरीची. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा चार दिवस पलंगावर पडला तर बिल सरकारने भरलं तरी घरात चार दिवसांचं पीठ कोण आणणार? बाई भरती झाली तर दोन मजुऱ्या बुडतात, तिची आणि तिच्याजवळ बसणाऱ्याची.

आणि एक मागणी पैशाची नसतेच: "मेडिकलमध्ये कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगणारं आपलं माणूस पाहिजे." हे ऐकून विमावाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण ते पॉलिसीत लिहिता येत नाही. पण गटाच्या खर्चात एका माणसाचं मानधन बसवता येतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात चांगलं खर्च होतं.

हप्ता कसा काढायचा? कंपनी सांगेल तो आकडा खरा मानायचा का?

स्वतः काढून पाहा. दहावीचं गणितही लागत नाही. खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या वस्तीचे आकडे घरोघरी विचारून घ्या: गेल्या वर्षभरात कोण भरती झालं, किती दिवस, किती खर्च?

समजा ५०० कुटुंबं, म्हणजे २,००० माणसं. शंभरात चार जण वर्षाला भरती होतात असं धरलं तर ८० भरती. एका भरतीचा विम्याने द्यायचा सरासरी खर्च १५,००० रुपये. एकूण १२ लाख. २,००० माणसांत वाटले तर माणशी ६०० रुपये.

आता मजुरी. ८० पैकी निम्मे कमावते धरा, म्हणजे ४०. चार दिवसांचे ४०० रुपयांप्रमाणे १,६०० रुपये. एकूण ६४,००० रुपये. माणशी फक्त ३२ रुपये! प्रवासाला भरतीमागे ५०० रुपये दिले तर ४०,००० होतात, म्हणजे माणशी २० रुपये. (जाताना १०८ क्रमांकाची गाडी फुकट मिळते. खर्च येतो परतीच्या ऑटोचा आणि डबा घेऊन रोज फेऱ्या मारणाऱ्याचा.)

ओपीडीचं मात्र वेगळं. माणशी वर्षाला तीन खेपा, डॉक्टर-औषध मिळून दीडशे. लगेच ४५० रुपये होतात, भरतीच्या पाऊणपट.

भरती, मजुरी आणि प्रवास मिळून ६५२ झाले. वर व्यवस्थापन आणि राखीव म्हणून वीस टक्के धरले तर साधारण ७८० रुपये. आठवड्याला १५ रुपये माणशी. चार माणसांच्या घराला साठ.

हा हिशेब फळ्यावर मांडला की लोकांना एक गोष्ट दिसते जी छापील पत्रकात कधी दिसत नाही. जी मजुरी त्यांना सगळ्यात जास्त सलते, तिची किंमत अगदी थोडी आहे. तयार पॅकेजमध्ये ती क्वचितच असते, कारण कोणी मागितलीच नाही.

ओपीडी घ्यायची की नाही?

माझं मत: विम्यात घेऊ नका, पण तिची सोय विम्याबाहेर करा. जे जवळपास प्रत्येकाला वर्षातून दोन-चारदा लागतंच, त्याचा विमा म्हणजे स्वतःचाच पैसा कंपनीच्या हातून फिरवून, खर्च कापून, परत घेणं. त्यात दीडशे रुपयांच्या बिलासाठी फॉर्म भरायचा.

त्याऐवजी वस्तीतल्या एका डॉक्टरांशी गटाने ठरावीक फी बोलून घ्यावी, ५०० कुटुंबं मिळणार म्हटल्यावर ते तयार होतात. महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र, 'आपला दवाखाना' आणि जनऔषधी दुकान कुठे आहे याचा नकाशा गटाच्या वहीला चिकटवा. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्यांवर तिथेच बरीच बचत होते.

तरीही लोकांनी चिंचोके ओपीडीवरच ठेवले तर? तर ओपीडी घ्यायची, आणि माझं मत मी पिशवीत घालून घरी जायचं. एका गटाने तसं केलं. वर्षाला माणशी दोन खेपांची मर्यादा त्यांनी स्वतःच घातली.

किमान किती माणसं लागतात?

शंभर माणसांत चार भरती अपेक्षित असताना आठ होणं मुळीच नवल नाही, आणि आठ झाल्या की निधी रिकामा. दोन हजार माणसांत ऐंशीच्या जागी एकशेसाठ होणं अतिशय दुर्मीळ. जितकी माणसं जास्त तितका अंदाज खरा ठरतो. अपवाद साथीचा. डेंग्यू एका घरात येतो तेव्हा शेजारच्या घराच्या कूलरच्या पाण्यातही आलेला असतो. एकाच गल्लीतली दोन हजार माणसं आणि दहा वस्त्यांतली मिळून दोन हजार, यात दुसरी बरी. म्हणून एकट्या गटाने सुरू करण्यापेक्षा संघाच्या पातळीवर जा.

घरातल्या फक्त म्हातारीचं नाव घातलं तर चालेल का?

नाही. प्रत्येकाने तेच केलं तर विम्यात फक्त आजारी माणसं उरतात, हप्ता दुप्पट होतो, धडधाकट लोक निघून जातात आणि दोन वर्षांत फलक उतरतो. म्हणून अख्खं घर घालायचं, आणि गटातल्या बहुतेक घरांनी एकदम यायचं.

याचा धडा आपल्याच विदर्भातला आहे. नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या गावांसाठी विमा सुरू केला. हप्ता ज्वारीत! सुगीला ज्वारी घरात आली की ऐपतीप्रमाणे द्यायची: भूमिहीनाने कमी, शेतवाल्याने जास्त. आणि गावातली साधारण तीन-चतुर्थांश घरं आली तरच ते गाव योजनेत. एकटा-दुकटा आजारी माणूस घुसण्याची वाट त्या एका अटीने बंद होते. शिवाय "आमच्या पैशानं त्याचं ऑपरेशन काऊन?" हा प्रश्न गावानेच गावात सोडवायचा.

सिकलसेल असलेल्या मुलाला घेतात का? शुगरवाल्यांचं काय?

विदर्भात हा प्रश्न टाळून विमा करणं म्हणजे छप्पर सोडून घर बांधणं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार; त्याच्या मुलाला दुखण्याचा झटका वर्षातून कितीदाही येऊ शकतो, आणि दर खेपेला काही दिवस भरती.

वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं. विमा नियामकाने २०२४ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली, आधी ती ४८ महिने होती. सामूहिक पॉलिसीत मात्र "पहिल्या दिवसापासून आधीचे आजार धरा" अशी अट बोलून घेता येते. हप्ता थोडा चढतो. पन्नास रुपये जास्त गेले तरी ही अट सोडू नका, असं मी निक्षून सांगते. शुगर, बीपी, दमा, सगळे याच एका ओळीवर अवलंबून आहेत.

फॉर्म भरताना एक काळजी. तपासणीच्या कागदावर 'एएस' लिहिलेला माणूस वाहक असतो, आजारी नव्हे. 'एसएस' लिहिलेला रुग्ण असतो. शिबिरातल्या कार्डावर नुसतं "सिकलसेल पॉझिटिव्ह" वाचून वाहकांनाही रुग्णांच्या रकान्यात टाकलेलं मी पाहिलं आहे. एका मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत ते प्रकरण गेलं. फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्तीला हा फरक आधी शिकवा. आणि असे कागद गटाच्या उघड्या फाइलमध्ये ठेवू नका.

बाळंतपण धरायचं का?

डागा, मेयो, मेडिकलमध्ये जाणाऱ्यांसाठी साध्या बाळंतपणाचा विमा नको, त्या पैशात मजुरीचे दिवस वाढवून घ्या. सिझर, गुंतागुंत आणि कमी वजनाचं बाळ मात्र जरूर धरा.

कंपनीशिवाय, आपलाच निधी काढून विमा चालवता येतो का?

'विमा' म्हणून विकणं हे नोंदणीकृत विमा कंपनीचंच काम. त्यासाठी कायद्याने १०० कोटी रुपयांचं भांडवल लागतं. त्यामुळे गटाने पावतीवर "विमा" छापून पैसे गोळा केले तर हेतू कितीही चांगला असला तरी अडचणीत याल. सभासदांनी एकमेकांना मदत करण्याचा निधी, ठरलेली मर्यादा असलेला, संस्थेच्या घटनेत लिहिलेला, हे वेगळं. तेही सीए आणि वकिलाला दाखवूनच.

नमुने दोन्ही प्रकारचे आहेत. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी 'यशस्विनी' सुरू झाली, डॉ. देवी शेट्टींच्या पुढाकाराने आणि सरकारच्या पाठबळाने. सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये, आणि कवच मुख्यतः शस्त्रक्रियांचं. इतका कमी हप्ता जमला तो सभासद लाखांत होते म्हणून. तमिळनाडूत गुडलूरच्या आदिवासींचा विमा मात्र स्वतःच्या संघटनेच्या आणि स्वतःच्या दवाखान्याच्या आधाराने चालला. मधलं माणूस आपलं, कागद कंपनीचा. नागपूरच्या वस्तीला ही मधली वाट मला जास्त जवळची वाटते: कंपनीची सामूहिक पॉलिसी, आणि फॉर्म भरण्यापासून क्लेमपर्यंत सगळं गटाच्या कार्यकर्तीकडे.

एक नियम: फक्त विमा घेण्यासाठी नवा गट बनवून सामूहिक पॉलिसी मिळत नाही. गट आधीपासून दुसऱ्या कामासाठी उभा असला पाहिजे. बचत गट त्यात बसतात.

सामूहिक पॉलिसीवर जीएसटी लागतो का?

लागतो, १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून माफी मिळाली ती वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसींना. दर विचारताना "कराशिवाय की करासह?" हे आधी विचारा. वरच्या माझ्या हिशेबात कर धरलेला नाही.

हप्ता कधी आणि कसा गोळा करायचा?

जून सोडून, लोकांच्या हातात पैसा असेल तेव्हा. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, छतावरची ताडपत्री आणि बांधकामाचं मंदावलेलं काम एकदम येतात. एका गटाने आर्थिक वर्षाच्या सोयीने एप्रिल धरला. त्यांच्यात वीटभट्टीवर गेलेली घरंच परतली नव्हती. कळमन्याच्या हमालांना संत्र्याचा आणि तुरीचा हंगाम बरा पडतो. मोलकरणींना दिवाळी, कारण तेव्हा बोनस हातात असतो.

कंपनीला पैसा वर्षाचा एकदम लागतो, लोकांकडून तो आठवड्याला येतो. मधली दरी गटाच्या बचतीतून बिनव्याजी उचल देऊन भरा. पावती प्रत्येक वेळी द्या, पंधरा रुपयांचीसुद्धा.

क्लेममध्ये लोक कुठे अडकतात?

कागदात. पैसा असतो, पॉलिसी असते, आजारही यादीत असतो, आणि डिस्चार्ज कार्डावर नाव "सुनिता" तर आधारवर "सुनीता".

मला स्वतःला आलेला अनुभव सांगते. घरचं माणूस एका खासगी दवाखान्यात भरती होतं, पॉलिसी सामूहिक, कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने थेट दवाखान्याला द्यायचं. डॉक्टरांनी सकाळी दहाला सुट्टी दिली. काउंटरवर "कंपनीकडून मंजुरी आली नाही" हे पालुपद रात्री आठपर्यंत चाललं. मंजुरी दुपारीच येऊन पडली होती, ड्यूटी बदलताना कोणी मेल उघडलाच नव्हता. खोलीचं आणखी अर्ध्या दिवसाचं भाडं लागलं ते निराळंच. आता नियम असा आहे की कॅशलेसची पहिली मंजुरी कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून कार्यकर्तीच्या पिशवीत ठेवा. काउंटरवर काढून दाखवलं की कामाला वेग येतो.

'आधी तुम्ही भरा, मग कंपनी देईल' हा प्रकार गरिबासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. भरायला पैसे असते तर विमा कशाला घेतला असता? ज्या दवाखान्यांत वस्ती खरंच जाते, ते कॅशलेसच्या यादीत आहेत का, हे सही करण्याआधी पाहा. धंतोलीतल्या दहा नामांकित दवाखान्यांची यादी मिळते, पण रात्री दोनला पारडीचा माणूस जिथे पोचतो तो वीस खाटांचा दवाखाना तीत नसतो.

बाकी जपून ठेवायचं ते असं: डिस्चार्ज कार्ड, बिलाची मूळ प्रत, औषधाची चिठ्ठी आणि तिचंच बिल जोडीने, तपासणीचे अहवाल, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. भरती झाल्याच्या दिवशीच कार्यकर्तीला फोन. पॉलिसीत कळवण्याची मुदत तासांत मोजलेली असते.

क्लेम नाकारला तर?

कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नागपूरसाठी कार्यालय पुण्यात आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५.

आणि गटात ते उघड सांगा. नाकारलेला एक क्लेम लपवला की पुढच्या वर्षी पन्नास घरं गळतात. कारणासकट फळ्यावर लिहिला तर बहुतेक थांबतात. मंजूर झालेले क्लेमही लिहा, फक्त आजाराचं नाव न घालता.

बैठकीला बायकाच येतात. पुरुषांशिवाय ठरवलं तर चालेल का?

चालतं, पण हप्ता भरायच्या दिवशी घरात भांडण होतं. एक चिंचोक्यांची बैठक रात्री साडेआठला, पानठेल्याजवळ, फक्त पुरुषांसाठी ठेवून पाहा. आमच्याकडे पहिल्यांदा सात जण आले, त्यातले दोघे मॅच सुरू झाल्यावर उठले. उरलेल्या पाचांनी मजुरीच्या तुकड्यावर सगळ्यात आधी चिंचोके ठेवले, आणि त्यातल्या एकाने विचारलं, बायकोची मजुरी यात धरली आहे की नाही.